जहाजातल्या खोलीला कडी असते का?

तिसगावात आमच्या गटाची बैठक बाजारपेठेमागे एका काकूंच्या ओसरीवर भरते. त्या दिवशी विषय होता रेशनकार्डातल्या नावांचा. नव्या सुनांची नावं माहेरच्या कार्डातून कमी झालेली असतात आणि सासरच्या कार्डात चढलेली नसतात, हे दरवर्षीचं रडगाणं. पण बैठक सुरू व्हायला वेळ होता. काकूंनी मोबाइल काढला आणि मुलाचे-सुनेचे फोटो दाखवायला सुरुवात केली. मुलगा पुण्यात इंजिनिअर, लग्न वैशाखात झालेलं, आणि लग्नानंतर दोघं गेली ती थेट युरोपात, भूमध्य समुद्रातल्या जहाजावर. बार्सिलोनाहून निघायचं, फ्रान्स आणि इटलीची बंदरं बघायची आणि सात रात्रींनी परत बार्सिलोनाला उतरायचं. जहाज कसलं, दहा-बारा मजल्यांची इमारतच ती. वर पोहायचा तलाव, आत नाटकगृह, आणि खोलीला स्वतःचा सज्जा. सज्जात उभं राहिलं की खाली नुसतं निळं पाणी.

बायका एकमेकींच्या खांद्यावरून बघत होत्या. एकीनं विचारलं, "इतक्या दिवसांचं खाणं जहाजातच?" दुसरी म्हणाली, "आणि भांडी कोण घासतं?" हशा झाला. कोपऱ्यात एक मुलगी बसली होती. एकोणीस वर्षांची, तिचंही लग्न याच वैशाखातलं. आखाड पाळायला माहेरी आली होती, ती अजून परत गेलेली नव्हती. ती एवढा वेळ गप्प होती. फोन तिच्या हातात आला तेव्हा तिनं तो बराच वेळ धरून ठेवला आणि मला हळूच विचारलं, "ताई, जहाजातल्या खोलीला आतून कडी असती का?"

मी म्हटलं, असणारच की. ती म्हणाली, "मग बरंय."

मैत्रिणींनो, या दोन शब्दांवर मी गेले काही आठवडे अडकून पडले आहे. आपण ज्या विषयाकडे चळवळीत कधी ढुंकूनही पाहिलं नाही त्याच्याविषयी लिहायचं धाडस त्यामुळेच करते आहे. विषय आहे हनिमून.

या मुलीची 'मग बरंय'मागची गोष्ट आधी सांगायला हवी. पाथर्डी तालुक्यातून आणि पलीकडच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. हे आपल्या वाचक मैत्रिणींना नवं नाही. पण एक हिशेब पुन्हा मांडते. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम उचल देताना हात आखडता घेतो. म्हणजे मुलाचं लग्न झालं की घरात फक्त सून येत नाही, कोयता पुरा होतो. म्हणूनच हंगामाच्या आधी लग्नं उरकण्याची घाई. बीडकडे तर कारखान्याच्या गेटवर, टोळी निघता निघता लावलेल्या लग्नांना 'गेटकेन लग्न' असंच नाव पडलं आहे. त्यातली नवरी बहुतेकदा अठराच्या आतलीच. आईबाप सहा महिने फडावर जाणार, वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यांचा प्रश्नही खोटा नाही. २०२१ मध्ये सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आणली, ती याच प्रश्नाचं उत्तर म्हणून. पण वसतिगृह म्हणजे नुसती पाटी लावलेली इमारत नव्हे. तिथे आपली पोर सुरक्षित राहील असं आईला वाटलं पाहिजे. तसं वाटत नाही तोवर ती लग्नच लावून देणार.

ही आमची मुलगी कायद्यानं सज्ञान आहे, एवढं बरं. लग्नाला पैसे कुठून आले? तिच्या नवऱ्यानं येत्या हंगामाची उचल आधीच घेतली, त्यातून मांडव, जेवणावळ आणि मणी-मंगळसूत्र झालं. आता ती उचल फिटणार दोघांच्या तोडीतून. म्हणजे स्वतःच्या लग्नाचं कर्ज ही पोर ऊस तोडून फेडणार, आणि फेडेपर्यंत मध्येच परत यायची सोय नाही. दिवस बुडाला तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात.

तिनं कोपी लहानपणापासून पाहिलेली आहे, आईबापाबरोबर तीही फडावर वाढलेली. कोपी म्हणजे बांबू वाकवून त्यावर चटया टाकलेली झोपडी, वाकून आत जायचं. दार नसतं. पडदा म्हणून जुनं लुगडं किंवा पोतं. शेजारची कोपी हातभर अंतरावर, रात्री कुणी खोकलं तरी चार कोप्यांत ऐकू जातं. तिच्या नव्या घरात सासू-सासरे आणि धाकटा दीर आहेत, सगळे एकाच टोळीत. वेगळी कोपी मिळेल का, हे नवऱ्याला विचारायची तिला लाज वाटते आणि नवऱ्याला आईला विचारायची. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडावर, दिवसभर नवऱ्यानं तोडायचं आणि हिनं पाचट काढून मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीत भरायच्या. एका कोयत्याला दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस. परत येऊन पाणी भरायचं, अंधार पडल्यावर आडोशाला अंघोळ, मग पुन्हा चूल. आणि यानंतर जी रात्र उरते ती तिच्या संसाराची पहिली रात्र.

आपल्याकडे लग्नाच्या पहिल्या वर्षात मुलीला थोडी सवलत द्यायची रीत होती. सासरी जाताना पाठराखीण बरोबर जायची, तेवढंच ओळखीचं माणूस जवळ. आखाडात माहेरी, पहिल्या दिवाळीला दिवाळसण. जुन्या रीतीभातींचं मला कौतुक नाही, त्यांत जाचही पुष्कळ होता. पण जाचातही कुणाला तरी कळलेलं होतं की परक्या घरात आलेल्या पोरीला मधूनमधून श्वास घ्यायला जागा लागते. ऊसतोडीच्या घरात आखाड निभतो, कारण तेव्हा काम नसतं. दिवाळसण मात्र बुडतो. जावयानं सासुरवाडीला ओवाळून घ्यायचं ते दिवस नेमके ट्रॅक्टरमध्ये भांडी-सरपण भरायचे दिवस असतात. पोरीची पहिली दिवाळी कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर जाते.

आता दुसऱ्या मुलीकडे, म्हणजे काकूंच्या सुनेकडे. तिची माझी गाठ नंतर पडली, पुण्याला. मी रेशनकार्डाच्या कागदांसाठी गेले होते आणि बोलता बोलता ही कडीची गोष्ट तिला सांगितली. तिला हसू येईल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "कडी होती. पण मला बाहेर जायचं होतं तेव्हा त्या कडीचा काय उपयोग?" पुढचं तिच्या परवानगीनं लिहिते आहे.

लग्नाआधी दोघं चार वेळा भेटली होती, तीही हॉटेलात, आजूबाजूला माणसं. लग्नाच्या बोलणीत "फिरायला पाठवायचं मुलीकडच्यांनी" असं ठरलं होतं. याला कुणी हुंडा म्हटलं नाही. १९६१ चा कायदा म्हणतो की लग्नाच्या संदर्भात मागितलेली कुठलीही मौल्यवान गोष्ट हुंड्यात येते. पण हल्ली रोख रक्कम मागणं गावंढळ समजतात आणि 'ट्रिप स्पॉन्सर करणं' सुधारलेपणाचं. वडिलांनी सज्जावाली खोली घेतली, कारण व्याह्यांपुढे कमीपणा नको. जहाजावर दुसऱ्या दिवशी तिला समुद्र लागला. डोकं गरगरत होतं, पोटात अन्न ठरत नव्हतं. तिनं नको म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं नाही. रागावला, मारलं वगैरे नाही, एवढंच म्हणाला, "इथपर्यंत आलो कशाला मग? एवढे पैसे भरलेत." पैसे तिच्या वडिलांनी भरले होते. चारी बाजूंना पाणी, फोनला रेंज नाही, आणि घरी फोन लागला तरी सांगायचं काय? फोटोत ती सज्जात उभी आहे, वाऱ्यानं केस उडताहेत. तो फोटो त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

त्या सात दिवसांत तिची थोडीफार विचारपूस केली ती खोली साफ करायला येणाऱ्या मुलानं. गोव्याचा होता. या जहाजांवर आपल्याकडची, गोव्याची, मुंबईची पुष्कळ मुलं नोकरीला असतात, सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांच्या करारावर. त्यानं सांगितलं की सुट्टीत लग्न केलं आणि काही आठवड्यांत परत जहाजावर आलो, बायको गावी आहे. ती मला म्हणाली, "आमच्या बिछान्यावर रोज टॉवेलचे हंस करून ठेवायचा तो." त्या गोव्याच्या बायकोची गोष्ट कुणीतरी लिहायला हवी, ती माझ्या आवाक्याबाहेरची आहे.

मी या दोन मुलींची तुलना करून 'दोघी सारख्याच' असं म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं होईल. एकीच्या मोळीचं वजन दुसरीनं कधी उचललेलं नाही आणि उचलणारही नाही. पण ऊसतोडीच्या बायकांशी बोलताना मी एक वाक्य अनेकदा ऐकलं आहे. बाई आजारी पडली, पाळी आली, नको म्हणाली, की नवरा म्हणतो, "उचल घेतलीय ना?" ते वाक्य दिवसा कामासाठी असतं आणि रात्रीही तेच. जहाजावर 'पैसे भरलेत' आणि तळावर 'उचल घेतलीय'. दोन्हीकडे कुणीतरी आधीच पैसे मोजलेले आहेत आणि त्यामुळे बाईचा नकार मोजायचा नाही, असं ठरलेलं आहे.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. १८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर फिर्याद केली, की बायको नांदायला येत नाही. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. १८८७ मध्ये कोर्टानं फर्मावलं, नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करेन असं कळवलं. पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली आणि त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. त्यानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला, दहाचं वय बारा केलं तर केवढा गहजब! पत्नी अठराच्या आतली असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कार, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हणायला २०१७ चा ऑक्टोबर उजाडला. अठराच्या पुढच्या बायकोच्या नकाराला फौजदारी कायद्यात अजून जागा नाही. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यातही नवऱ्याला दिलेली सूट तशीच ठेवली आहे. दिल्ली उच्च न्यायालयात २०२२ मध्ये या प्रश्नावर दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात ही सूट काढायला विरोध नोंदवला. आपल्या हातात आहे तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, त्यात लैंगिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण लग्नानंतर पंधरा दिवसांनी संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणारी मुलगी मी तरी अजून पाहिलेली नाही.

आता आपल्या स्वतःबद्दल. हनिमून म्हटलं की आपण कार्यकर्त्या नाक मुरडतो. चंगळवाद, बाजाराचं खूळ, सिनेमाचं अनुकरण. मीही मुरडत होते. माझं लग्न सत्यशोधक पद्धतीनं झालं, जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सुरू केलेल्या वाटेनं. पुरोहित नाही, हुंडा नाही, मानपान नाही. तिसऱ्या दिवशी मी एका शिबिराला हजर होते, रात्री चाळीस बायकांबरोबर शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपले, आणि याचा मला केवढा अभिमान होता! नवराही चळवळीतला, तो दुसऱ्या तालुक्यात मोर्चाच्या तयारीत. आम्ही दोघांनी जगातल्या सगळ्या विषयांवर चर्चा केल्या होत्या. एकमेकांच्या अंगाची, भीतीची, मूल हवं की नको याची नीट गोष्ट बोलायला मात्र आम्हाला वर्ष लागलं. ते वर्ष आम्ही एकमेकांना उगीचच दुखावलं. आज वाटतं, चार दिवस कुठे तरी गेलो असतो, अगदी मोहट्याच्या गडावर भक्तनिवासात राहिलो असतो, तरी बिघडलं नसतं.

एकांताची गरज ही काही श्रीमंतांनी शोधून काढलेली नाही. १९७० साली 'मुंबईचा जावई' नावाचा सिनेमा आला होता. चाळीतल्या एका खोलीत भरलेलं घर आणि त्यात नवं जोडपं, दोघांना बोलायलाही जागा नाही. लोक पोट धरून हसले, कारण घरोघरी तेच होतं. खेड्यात याला 'हनिमून' म्हणत नाहीत, 'देवाला जाणं' म्हणतात. जेजुरीला नवरा बायकोला उचलून पाच पायऱ्या चढतो, सगळी वरात बघत असते. मजेचं असतं ते, पण तिथेही बरोबर अख्खं घर असतं. दोघंच अशी नसतातच. खेड्यातल्या सुनेला एकांत म्हणजे सगळे झोपल्यावरचा अंधार, आणि अंधारात बोलणं कमी होतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. हनिमूनची थट्टा आपण पुरे करू. त्यातलं जहाज, सज्जा, फोटो हे बाजाराचं, ते राहू दे बाजूला. पण त्याच्या मुळाशी जे आहे ते आपल्या मागण्यांच्या यादीत यायला हवं. नव्या जोडप्याला काही दिवस काम नाही, पाहुणे नाहीत, आड यायला दार आहे, आणि दाराच्या आत 'आज नको' म्हणायची मुलीला मुभा आहे. किमान वेतन मागताना आपण हे कधी मागितलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या मजुरीत ३४ टक्के वाढीचा करार झाला, चांगलंच झालं. त्या वाटाघाटींत कोपीला दार हवं असं कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर आलं नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. तेव्हा आपण सगळ्या हादरलो, दवाखान्यांवर बोललो, चौकशी समितीपुढे गेलो. त्या शस्त्रक्रियेपर्यंत पोचायच्या आधी त्या प्रत्येकीचं एक पहिलं वर्ष होतं. त्या वर्षात तिला विश्रांती मिळाली का, नको म्हणता आलं का, पहिलं मूल केव्हा हवं हे कुणी विचारलं का, याकडे आपण गेलो नाही.

पहिला आक्षेप येणारच: जिथे पाणी नाही, संडास नाही, तिथे तुम्ही नव्या जोडप्याच्या एकांताचं काय घेऊन बसलात? हा आक्षेप मी आमच्याच गटात ऐकला. माझं उत्तर एवढंच की पाणी, संडास आणि दार ह्या तीन मागण्या एकाच तळावरच्या आहेत आणि एकाच बाईच्या आहेत. रांग लावून एकेक मागायचं ठरवलं तर दाराची पाळी कधीच येणार नाही. दुसरा आक्षेप जास्त अवघड. एका वयस्क बाईनं विचारला, "पोरी, दार लावल्यावर आत काय होतं ते आम्हाला माहीत आहे. उघड्या कोपीत निदान सासू ऐकते म्हणून तो भितो." याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. काकूंच्या सुनेची गोष्ट मला तेव्हा माहीत असती तर कदाचित मी आणखीच गप्प झाले असते. दार हवं आणि ते आतून तिला उघडता यायला हवं, बाहेर पडल्यावर जायला कुणाची तरी कोपी हवी, हे सगळं एकत्रच धरायला लागेल. पूर्वीची पाठराखीण काही इतकी वेडी कल्पना नव्हती. टोळीतल्या एखाद्या जाणत्या बाईनं नव्या पोरीची पाठराखीण व्हायचं, असं आम्ही सध्या बोलतो आहोत.

तिसगाव आणि आसपासच्या तीन गावांत आम्ही यंदा दसऱ्याच्या आधी नव्या जोडप्यांना बोलावलं. जोडप्यांना, नुसत्या मुलींना नाही. मुलगे लाजत, एकमेकांना ढकलत आले, पण आले. पाळी, गर्भनिरोधकं, लग्नाची नोंदणी, उचलीच्या चिठ्ठीवर बायकोचंही नाव असावं का, असं सगळं बोलणं झालं. एका मुलानं विचारलं, "ती नाही म्हणली तर मी किती दिवस थांबायचं?" बाकीचे हसले. मी त्याला म्हटलं, तिलाच विचार. त्यानं खरोखर मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून बसली होती. बैठकीत बोलली नाही, पण जाताना तो तिची पिशवी घेऊन चालला होता, एवढं मी पाहिलं.

मुकादमांशीही बोललो. तीन गोष्टी मागितल्या: नव्या जोडप्याला सासू-सासऱ्यांपासून वेगळी कोपी, तिला फळीचं दार, आणि दिवाळसणाला चार दिवस खाडा न लावता सुट्टी. एक मुकादम वेगळ्या कोपीला तयार झाला. चटया-बांबू कारखान्याकडून मिळतात, त्याच्या खिशाला तोशीस नाही. दिवाळसणाला साफ नाही म्हणाला, कारखाना सुरू होताना चार कोयते कमी पडले तर त्याचा करार अडचणीत येतो. हे कारखान्याशीच बोलायला हवं. त्यासाठी एकट्या तिसगावचा गट पुरा पडणार नाही. दाराबद्दल तो म्हणाला, "बघू."

त्या मुलीनं तिसगावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून कडी-कोयंडा विकत घेतला आहे, स्वतःच्या पैशांनी. तो बसवायला फळी आणि चौकट लागेल, ती आम्ही गटाच्या पैशातून देतो आहोत. टोळी निघेल तेव्हा ट्रॅक्टरवर भांड्यांबरोबर ती चौकटही चढेल, मुकादमाची हरकत नसली तर. ज्या मैत्रिणींच्या भागातून टोळ्या जातात, किंवा ज्यांच्या भागात कारखान्यांचे तळ पडतात, त्यांनी आपल्याकडे नव्या जोडप्यांची काय सोय असते ते अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवावं. आमची मुलगी ज्या कारखान्यावर जाणार आहे तिथे जवळपास आपला एखादा गट असेल तर फारच बरं होईल.